रुग्णाच्या बहिणीला सांगितले

४ फेब्रुवारी

ताई,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहायचा की नाही यात पाच मिनिटं घालवली. नमस्काराला माझी हरकत नाही, पण सप्रेम लिहवेना. म्हणून नुसतं ताई.

बारा तारखेला मी येणार नाही. तुझ्या मोठ्या डॉक्टरांना सांग, ती वेळ दुसऱ्या कुणाला द्या. तू त्यांच्या हातापाया पडून तारीख मिळवलीस, स्वतःची रजा टाकलीस, वॉर्डातला खिडकीजवळचा पलंग माझ्यासाठी अडवून ठेवलास, हे सगळं मला माहीत आहे. फक्त ज्या गर्भाशयासाठी एवढी धावपळ केलीस ते माझं आहे, आणि ते काढायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी अर्धं वाक्य बोलले की उरलेलं तू पूर्ण करतेस, आणि ते दर वेळी तुझ्याच बाजूने संपतं. पत्रात मधे तोंड घालता येत नाही. वाचताना चिडून काय बडबडायचं ते बडबड, मला ऐकू येणार नाही.

तर झालं असं. गेल्या महिन्यात दुकानात एक बाई चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला आल्या. दोन्ही डोळे उणे सात. मी भिंगं बदलत होते, 'हे स्पष्ट की ते?' विचारत होते, आणि मधेच मला टेबलाची कड धरून खाली बसावं लागलं. पाळीचा दुसरा दिवस होता. मी नेहमीसारखं "चक्कर आली" म्हणाले. नाकावर ती चाचणीची जड चौकट तशीच ठेवून बाई म्हणाल्या, "चक्कर आलेलं माणूस डोकं धरतं, पोट नाही. किती वर्षं होतंय हे?"

त्या बायकांच्या डॉक्टर निघाल्या. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, नको तिथे वाढतं आणि माणसाला लोळवतं, त्या एंडोमेट्रिओसिसवरच त्यांचं रोजचं काम. तुझ्या मोठ्या डॉक्टरांनीही हेच नाव घेतलं होतं, पण त्यांचं पुढचं वाक्य होतं, "मूल झालं नाही, नवराही आता नाही, मग पिशवी ठेवून करायचंय काय?" आणि तू मान डोलावलीस. तेहतीस वर्षांची मी, समोर बसलेली, आणि तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होता.

मी या भिंगवाल्या बाईंकडे गेले. एकटी. तुला न सांगता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दुखणं शून्य ते दहात किती?" आणि मी सवयीने शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर माझी पर्स होती.

आपल्या घरची रीतच आहे ना. डॉक्टरांशी ताई बोलणार. बाबांच्या आजारपणापासून तेच. तू नर्स, तुला त्यांची भाषा येते, आम्ही सगळे नाक मुठीत धरून बाजूला बसणार. आजवर मला जितक्यांदा हा प्रश्न विचारला गेला तितक्यांदा तू उत्तर दिलंस, "चार असेल, सर. ती जरा हळवी आहे." मी बिनबोभाट चार घेऊन घरी यायचे. मला ते सोयीचंही होतं, ते नाकारत नाही. आपलं दुखणं कुणीतरी आपल्यासाठी सांगतंय म्हटल्यावर शब्द शोधायचे कष्ट वाचतात.

"नऊ," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. बाईंनी नऊ लिहिलं. खोडलं नाही, हसल्या नाहीत. दुकानात मी दुसरं काय करते? समोरचा म्हणतो हे अक्षर धूसर दिसतं, मी ते लिहून घेते. 'नाही हो, तुम्हाला स्पष्टच दिसतंय' असं मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला म्हटलेलं नाही. त्याच्या डोळ्यांतून मला थोडंच दिसतंय!

डाव्या अंडाशयावर पाच सेंटीमीटरची गाठ आहे, जुन्या रक्ताची. ते तुलाही माहीत आहे. बाईंनी विचारलं, "पोटाचं आधी काही ऑपरेशन?" मी म्हटलं, एकोणिसाव्या वर्षी अपेंडिक्स. त्या म्हणाल्या, त्याचे कागद आणा, तेव्हा आत काय दिसलं ते बघू. म्हणून तुला फोन केला होता. तू म्हणालीस, "हरवले गं, घर बदलताना."

ताई, बाबांचा वीस वर्षांपूर्वीचा चष्म्याचा नंबर तुझ्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे. माझ्या गोवराची तारीख तुझ्याकडे लिहिलेली आहे. आणि ऑपरेशनचे कागद हरवले? ठीक आहे, मीच शोधते.

पोरीला माझे आशीर्वाद सांग. बाकी सगळं ठीक.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

आज जुन्या हॉस्पिटलात गेले होते. तेच, जिथे तू शिकाऊ नर्स होतीस. मागच्या बाजूला तळघरात दप्तरखाना आहे. तिथल्या कारकुनाने मला तीनदा परत पाठवलं. फायली दहा वर्षांनी रद्दीत जातात, तुमची चौदा वर्षांपूर्वीची, विसरा. आज चौथ्यांदा गेले तेव्हा भिंगवाल्या बाईंनी सांगितलं तेच विचारलं: ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर? त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "ते नाही टाकत. ते कायम ठेवतात." आणि शिडी घेऊन आला.

लांबलचक, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. पान उलटताना त्याने बोट ओलं केलं ते मला अजून दिसतंय. माझं नाव, वय एकोणीस. पुढे बारीक अक्षरात जे लिहिलंय ते उतरवून घेतलं आहे, जसंच्या तसं:

'अपेंडिक्स निरोगी. गर्भाशयामागे व डाव्या अंडाशयाजवळ एंडोमेट्रिओसिसचे डाग. रुग्ण अद्याप भुलीखाली. रुग्णाच्या बहिणीला सांगितले. महिन्याने तपासणीस आणावे, औषध सुरू करावे.'

खाली सही. तुझी. तेव्हापासूनच शेवटच्या अक्षराला शेपूट काढतेस.

मला वाटलं मी चुकीचं पान वाचतेय. चष्मा पुसला. परत वाचलं. कारकून म्हणाला, "बसा बाई, पाणी आणू का?" आणि मी बसले. जमिनीवरच.

चौदा वर्षं ताई. म्हणजे तुला चौदा वर्षांपासून माहीत होतं. मी कॉलेजच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन बसायचे तेव्हा माहीत होतं. परीक्षेतून उठून आले तेव्हा माहीत होतं. सगळ्यांसमोर मला 'नाटककंपनी' म्हणायचीस, तेव्हाही. दर वर्षी तू मला सोनोग्राफीला न्यायचीस आणि बाहेर येऊन म्हणायचीस, "बघ, सगळं नॉर्मल." ते डाग सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतच नाहीत, हे बाईंनी मला दोन मिनिटांत सांगितलं. तू एवढी वर्षं बायकांच्या वॉर्डात काढलीस, तुला हे ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस.

आणि अपेंडिक्स! माझं अपेंडिक्स निरोगी होतं, ही बातमी मला चौदा वर्षांनी एका कारकुनाच्या टेबलापाशी मिळाली.

मला एकच विचारायचंय. का?


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. 'प्रिय बुटके' अशी सुरुवात केलीस. ते नाव सध्या वापरू नकोस. लाडाने मारलेली हाक आहे ती, लाड राहिले असतील तर.

तू लिहितेस, आईने शपथ घातली होती. 'पोरीला कळलं तर ती खचेल, कुणाला बोलू नकोस' असं आई म्हणाली, आणि तू तिचा शब्द पाळलास. वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, चला, ताई नाही, आई. आईवर रागावणं सोपं आहे. ती माझ्याच घरात राहते, शेजारच्या खोलीत, आणि तिच्यावर रागावलं तरी संध्याकाळचा चहा तीच करते.

म्हणून चहा घेताना विचारलं. आईने कप खाली ठेवला. "कसले डाग?" म्हणाली. मी रजिस्टरातलं वाचून दाखवलं. तिला शब्द कळले नाहीत, मी समजावले. तिचा चेहरा बघायला हवा होतास. "मला तर अपेंडिक्स काढलं असंच सांगितलं गं. मी बाहेर बसले होते, ताई आली आणि म्हणाली, झालं, आता दुखणार नाही." मग एकदम म्हणाली, "तुला दुखायचं तेव्हा मी ओरडायचे की तुझ्यावर. उगाच लोळू नकोस म्हणायचे."

पंच्याहत्तर वर्षांची बाई माझ्यापुढे हात जोडायला लागली, ताई. मी तिचे हात धरून खाली केले. हे तुझ्यामुळे मला बघावं लागलं.

म्हणजे तू आधी मला फसवलंस, आणि पकडली गेल्यावर खापर आईच्या डोक्यावर फोडलंस. आई आता काय, तिला नीट ऐकू येत नाही, तिला कोण विचारणार, असं वाटलं असेल. मी विचारलं.

आता एक गोष्ट लिहिते, जी मी तुला कधी बोलले नाही. माझा नवरा मला सोडून जाण्याआधी सहा महिने तुला येऊन भेटला होता हे मला माहीत आहे. तुझ्या वॉर्डाबाहेर, औषधांच्या ट्रॉलीशेजारी. त्याने तुला विचारलं, "तुम्ही नर्स आहात, तिची सख्खी बहीण आहात. खरं सांगा, हिला काही आजार आहे का?" आणि तू म्हणालीस, "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत." हे त्याने मला भांडणात ऐकवलं. "तुझी बहीणच सांगतेय" असं म्हणाला. जवळ आलेला नवरा मी दर वेळी का दूर लोटते, का किंचाळते, याला दुसरं कारण मग एकच उरलं: मला तो नकोसा आहे. तेच धरून तो गेला.

मी तेव्हा तुझ्यावर रागावले नव्हते. तू जे बघितलंस तेच बोललीस, असं धरून चालले होते. मी तर तुझीच बाजू घेतली होती, त्याच्यासमोर! तू एक वाक्य बोलली असतीस तर तो थांबला असता की नाही, मला माहीत नाही. कदाचित नसताही थांबला. पण मी निदान वेडी ठरले नसते.

परत विचारते. का? या वेळी आईला मधे आणू नकोस.


५ मार्च

ताई,

या वेळचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे खरं वाटतं. खरं वाटतं, कारण यात तू वाईट दिसतेस.

तुझं लग्न ठरत होतं. भाऊजींच्या घरचे चौकशी करत होते. 'धाकटीला असलं काही निघालं तर म्हणतील, हे घराण्यात असतं, थोरलीलाही असेल, हिलाही मुलं होणार नाहीत.' डॉक्टर थिएटरच्या दारात येऊन तुला सांगून गेले आणि तू विचार केलास, महिनाभर गप्प बसू, लग्न झालं की सांगू. लग्न झालं. मग दिवस गेले. मग बाळंतपण. मग इतका उशीर झाला होता की सांगितलं तर का लपवलं हेही सांगावं लागणार. आणि तू लिहितेस, 'दर वर्षी सोनोग्राफीला न्यायचे ते त्यासाठीच, काही वाढलं तर मी बोलणारच होते.'

बावीस वर्षांची होतीस. घाबरलीस. एवढं मी समजू शकते. पहिल्या महिन्याची मी तुला माफीसुद्धा देईन. पण उरलेले एकशे सदुसष्ट महिने? मी मोजले. दर महिन्याला मोजायला माझ्याकडे कारण असतं.

आणि आता गाठ दिसली, तर तुला सगळं एका झटक्यात उरकायचं होतं. पिशवी काढली की प्रश्नच मिटला. जुने कागद कोण मागणार? तू माझा इलाज करत होतीस की पुरावा काढून टाकत होतीस?

आता माझी एक चूक.

पहिल्या पत्रात मी 'पोरीला आशीर्वाद' असं वरवर लिहिलं. तुझ्या मुलीचा मला त्याआधीच फोन आला होता. बारा वर्षांची पोर, शाळेच्या स्वच्छतागृहातून मावशीला फोन करते. "मावशी, तुलापण इतकं दुखायचं? उलटी होते मला. आई म्हणते सगळ्यांनाच होतं." आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हो गं राणी, होतं असं. गरम पाण्याची पिशवी घे."

म्हणजे तुझंच वाक्य. चौदा वर्षं ऐकून ऐकून पाठ झालेलं, माझ्याच तोंडून, तिच्या कानात. त्यानंतर आठवड्याभराने ते रजिस्टर उघडलं.

गेल्या मंगळवारी मी तिला फोन केला आणि सांगितलं, मावशी चुकली. थोडं दुखणं सगळ्यांना होतं, पण उलटी होईल, शाळा बुडेल इतकं दुखणं 'होतंच' म्हणून सोडायचं नसतं. तपासून घ्यायचं. कदाचित काही नसेलही. ती म्हणाली, "आईला सांगू?" मी म्हटलं, सांग. तिने सांगितलं की नाही मला माहीत नाही. तू पत्रात तिच्याबद्दल चकार शब्द काढलेला नाहीस.


१६ मार्च

ताई,

भिंगवाल्या बाईंकडे गेल्या आठवड्यात पाऊण तास होते. वहीत चौदा प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी वही बघून खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "चला, एकापासून."

तू विचारलंस म्हणून सांगते, 'बाई काय वेगळं सांगणार आहे?' वेगळं एवढंच की त्यांनी निर्णय सांगितला नाही, वाटा सांगितल्या. रोजच्या हार्मोनच्या गोळ्या: पाळी थांबते, दुखणं पुष्कळदा आटोक्यात येतं, पण आजार जात नाही, दबून राहतो, आणि गोळ्या चालू असेपर्यंत मूल नाही. तेच औषध सोडणारं छोटं साधन गर्भाशयात बसवता येतं. जोरदार इंजेक्शनं आहेत, पण ती लांबली तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून जोडीला दुसरं औषध द्यावं लागतं. दुर्बिणीतून ऑपरेशन: गाठ आणि डाग कापून काढायचे. त्यातही अंडाशयाचा थोडा चांगला भाग जाऊ शकतो, बीजं कमी होऊ शकतात, आणि काही वर्षांनी आजार परत येऊ शकतो. आधी बीजं गोठवून ठेवायची का, हाही प्रश्न. पिशवी काढणं यादीत होतंच, सगळ्यात शेवटी. "ते केल्यावरही दुखणं संपेलच याची खात्री मी देऊ शकत नाही," म्हणाल्या. "आणि ते परत बसवता येत नाही." तुझे मोठे डॉक्टर यातलं काहीच बोलले नव्हते. त्यांच्याकडे एकच वाट होती, आणि तिची तारीखही ठरली होती.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला मूल हवंय?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही, ताई. पण नको हे मी म्हणायचं, दुसऱ्या कुणी नाही.

मी ठरवलं: दुर्बिणीतून ऑपरेशन, नंतर गोळ्या. बीजं गोठवणं नको. चार दिवस विचार करून, आईशी बोलून, एकटी रडून ठरवलं. दहा एप्रिल.

तू लिहितेस, 'मी येते, नातेवाईकाची सही लागते, मला तिथलं कळतं, आई काय करणार?' तू मनापासून लिहिलं आहेस. मला ते दिसतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं. कारण या क्षणीसुद्धा मला आत जाताना तुझाच हात हवा आहे. लहानपणापासूनची सवय आहे ती, एका रजिस्टराने जात नाही.

पण ऑपरेशन अर्ध्यावर असताना डॉक्टर दारात येतात ना, हातमोजे तसेच, आणि बाहेरच्या माणसाला विचारतात, 'असं असं दिसतंय, काय करू?' त्या दारात तू एकदा उभी राहिली आहेस. मी आत झोपलेली होते. पुन्हा नाही.

मी संमतीपत्रावर माझ्या हाताने लिहिलं आहे: गर्भाशय काढायचं नाही. अंडाशय काढायचं नाही. जीव धोक्यात असेल तर तो वाचवायला लागेल ते करा. एरवी ठरल्याबाहेर काही दिसलं तर हात लावू नका, बंद करा, मला जाग आल्यावर मला सांगा. बाहेर कुणालाही विचारू नका. बाईंनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "यामुळे दुसऱ्यांदा ऑपरेशन करायची वेळ येऊ शकते, माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांनी खाली सही केली.

तू येऊ नकोस.


१९ एप्रिल

ताई,

आईने तुला फोनवर 'सगळं नीट झालं' एवढंच सांगितलं म्हणून तू तिच्यावर वैतागलीस म्हणे. तिच्यावर कशाला? तिला तेवढंच माहीत होतं. ती आल्यागेल्याला अजून सांगतेय, "डॉक्टरीण बाहेर आली, मी उठून उभी राहिले, तर म्हणते, आजी, मुलगी बरी आहे, बाकी तिलाच सांगेन! मी जन्म दिलाय तिला, आणि मलाच नाही सांगत!" सुरुवातीला फुगून बसली होती. आता त्यातच तिला मोठेपणा वाटायला लागलाय.

मला जाग आली तेव्हा बाई पलंगाशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. घसा कोरडा पडला होता. त्या म्हणाल्या, "पूर्ण शुद्धीवर आलात की सांगते." मी म्हटलं, आत्ता सांगा. त्यांनी माझ्याकडून माझं नाव, तारीख, वार वदवून घेतलं. मग पाण्याने माझे ओठ ओले केले आणि सांगितलं, एकेक, मला कळेल असं. ठरलं होतं ते काढलं. ठरल्याबाहेरचं एका ठिकाणी दिसलं, तिथे त्यांनी हात लावला नाही. त्याचं काय करायचं ते आम्ही दोघी जूनमध्ये ठरवू.

माझ्या पोटातली बातमी पहिल्यांदा मला कळली, ताई. ती चांगली नव्हती सगळी. तरी मी बाईंचा हात धरून हसले, आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळले, आणि परत हसले.

तू तीन पत्रांत विचारलंस, काय सापडलं, कुठे, किती, बायोप्सीत काय आलं. गर्भाशय जागेवर आहे. अंडाशयं दोन्ही आहेत. कॅन्सर नाही. आई रडायला नको म्हणून एवढं. बाकी तुला सांगणार नाही. सूड म्हणून नाही, किंवा थोडासा सूड असेलही, तू समजून घे. तुला सांगितलं की ते माझं राहत नाही, हे मी शिकले. पुढे कधी सांगावंसं वाटलं तर सांगेन. माफ केलं की नाही तेही विचारलं आहेस. नाही केलं. करायचं असेल तेव्हा पत्र लिहीन.

दुकानात अर्धा दिवस जायला लागले आहे. उभं राहता येतं.

पोरीचा काल परत फोन आला होता. तू तिला अजून कुणाकडे नेलेलं नाहीस. 'परीक्षा होऊ दे' म्हणालीस. हे आईकडून मावशीकडून घराण्यात येऊ शकतं, हे तुला माझ्यापेक्षा आधी माहीत होतं. त्याच भीतीने तर तू गप्प बसलीस.

म्हणून या पत्रात दुसरं एक पाकीट ठेवलं आहे. त्यात माझ्या रिपोर्टची प्रत आहे, सगळी, दोन फोटोंसकट, आणि रजिस्टरातल्या नोंदीचीही. तुझी सही असलेली. मी तुला वाईट म्हटलेलं नाही, तिथे जे लिहिलंय तेवढंच आहे. सोबत तिच्यासाठी एक पान लिहिलं आहे: घाबरू नकोस, तुला हेच असेल असं नाही. आईला घेऊन जा, पण दुखणं किती ते डॉक्टरांना तू सांग. आई मधे बोलली तर तिला गप्प बसव. मी सांगितलंय म्हणून सांग.

वर तिचं नाव लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात. ती शाळेतून आली की तिच्या हातात दे. बंद.